अर्डिसची बेलफोंट विकायची आहे

आमच्या टोरविक गावात कुणी कुणाला "नाही" म्हणत नाही. कॉफी घेणार का म्हणून विचारलं तर माणूस म्हणतो, "नको, कशाला त्रास." पुन्हा विचारलं तर म्हणतो, "उगाच माझ्यासाठी नको मांडूस." तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, "बरं, करतेच आहेस तर अर्धा कप." आणि मग तीन कप रिचवतो. पहिले दोन नकार म्हणजे दारातलं पायपुसणं. त्यावर पाय पुसायचे आणि मग घरात यायचं. तिसऱ्यांदाही जो नको म्हणेल तो एक तर आजारी असतो, नाहीतर त्याला भांडण काढायचं असतं.

अर्डिस टोलफसन याच गावात जन्मली आणि उमेदीची सगळी वर्षं तिने इथल्याच शेतवस्त्यांवर टपाल वाटलं. एवढ्या आयुष्यात तिने कुणाला तोंडावर "नाही" म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. एखादी गोष्ट मुळीच पटली नाही तर ती म्हणे, "वेगळंच आहे हं." फारच आवडली तर म्हणे, "वाईट नाही." या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तिचा सगळा संसार झाला, आणि चांगला झाला.

म्हणून ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर तिच्या स्वयंपाकघरात जे घडलं त्यात कुणाचाच दोष नव्हता.

"आई," तिचा मुलगा डुएन म्हणाला, "ती गाडी कुणाला देऊन टाकली तर तुझा त्रास वाचेल, नाही का?"

त्याला असं वाटायचं कारण इतकंच की, आठवड्यापूर्वी गाडीतून उतरताना अर्डिस म्हणाली होती, "हिचं आणि माझं आता गुडघ्यांवर हात ठेवूनच चाललंय." ती गंमत होती. डुएनने ती घरी नेली आणि रात्रभर उशाशी घेऊन झोपला.

अर्डिसला मात्र वाटलं, पोराला आपलं गॅरेज हवंय. मागच्या वर्षी त्याने बोट घेतली होती. त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलेली ती येता-जाता दिसायची. जन्मात कधी काही मागितलं नाही या मुलाने.

"तुला तसं वाटत असेल तर बघ बाबा," ती म्हणाली.

"मला काय गं. तुझं मन असेल तर."

"माझ्या मनाचं काय घेऊन बसलास. केक घे."

झालं. दोघांनी केक खाल्ला आणि गाडी विकायला निघाली.

गाडी होती बेलफोंट. तिची कंपनी कधीच बुडाली. लांबलचक, बुटकी, पावसाळी आभाळासारखी निळी. दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या. म्हणजे खरं लाकूड नव्हे, लाकडाचं चित्र. डोक्यावर काचेची एक पट्टी, जिच्यातून मागे बसलेल्यांना ढग दिसत. अगदी मागचं बाक उलट्या तोंडाचं. त्यावर बसलेली मुलं जगाला मागे पडताना बघत आणि मागच्या गाडीवाल्याला जीभ दाखवत. काचेच्या पट्टीची बेलफोंट फक्त एकाच वर्षी निघाली, कारण ती पट्टी गळायची. अर्डिसने ती जुनीच विकत घेतली होती आणि गळतीखाली कायम एक ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलेलं असे.

पण टोरविकला तिचं कौतुक होतं ते वेगळ्याच कारणाने. गाडीचं स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला. रस्त्याकडेच्या टपालपेट्या उजव्या बाजूला. खेड्यावर टपाल वाटणाऱ्या माणसाने स्वतःचीच गाडी वापरायची असते आणि प्रत्येक पेटीपाशी उतरत बसलं तर संध्याकाळपर्यंत निम्मंच गाव होईल. म्हणून अर्डिस उजवीकडे बसायची. पुढचं बाक सलग होतं. डावा पाय लांब करून ब्रेकवर, डावा हात लांब करून चाकावर, आणि उजवा हात खिडकीबाहेर. सगळेच टपालवाले असं करतात. पण बाकीचे सुट्टीच्या दिवशी माणसासारखे डावीकडे बसतात. अर्डिस रविवारीही उजवीकडेच बसे, कारण डावीकडे आर्ने बसलेला असे.

आर्ने तिचा नवरा. काडीसारखा, अबोल माणूस. गाडी चालवायचा त्याला मनस्वी कंटाळा. तो चाकामागे बसायचा, पाय अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखे आत घ्यायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा. शेजारी बसलेली बायको हात आणि पाय लांब करून गाडी हाकायची. समोरून येणाऱ्या परक्या माणसाला एवढंच दिसे की, भरधाव गाडीचा चालक निवांत बाजारभाव वाचतोय. एकदा एका नव्या पोलिसाने त्यांना थांबवलं.

"साहेब, तुम्ही गाडी चालवताना पेपर वाचत होता?"

"छे," आर्ने म्हणाला, "मला कुठे चालवता येते."

पोलिसाने वाकून पलीकडे पाहिलं. अर्डिसने त्याला हात केला. त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सावकाश जा." तो पोलीस पुढे याच गावचा जावई झाला.

एप्रिल आला की, टपालाने कोंबडीची पिल्लं येत, भोकं पाडलेल्या खोक्यांतून. सगळी बेलफोंट चिवचिवत वस्त्यांवरून फिरे. एकदा एक पिल्लू निसटलं आणि बाकाखाली सांडलेल्या मक्यावर आठवडाभर जगलं. अर्डिसने त्याच्या मालकाला बदली पिल्लू दिलं, या पळपुट्याला घरी ठेवलं आणि त्याचं नाव पोस्टमास्तर ठेवलं. पोस्टमास्तर अंडी घालू लागली तरी नाव बदललं नाही. खऱ्या पोस्टमास्तरच्या कानावर ते गेलं तेव्हा तो म्हणाला, "वेगळंच आहे."

आर्ने गेल्यालाही आता बरेच हिवाळे झाले. अर्डिस अजून उजवीकडेच बसते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, गाडीत चालकच नाही. गावातले लोक त्या रिकाम्या जागेलाही हात करतात.

डुएनने जाहिरात टाकली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे फोन यायला लागले. अर्डिसने मनाशी ठरवलं की, विकायला नाही म्हणायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही. आमच्याकडे आपल्या वस्तूची स्तुती करणं हे तसंही निर्लज्जपणाचं समजतात. तेव्हा तिने सुरुवात केली.

"गंजलीय हो," ती फोनवर म्हणायची.

"मूळचा गंज?" पलीकडचा माणूस श्वास रोखून विचारायचा.

"मूळचाच. दुसरा कुठून आणू? छप्पर गळतं."

"अजून गळतं! म्हणजे कुणी बदललेलं नाही!"

"उजवी सीट फाटलीय. उंदराने काहीतरी केलंय. रंग एकदाही दिलेला नाही."

जितके दोष सांगावेत तितकी माणसं वेडी होत. सगळ्यांत जास्त वेडा झाला तो टेक्सासचा हॉलिस पिकेट. उंदराचं ऐकून तो गहिवरलाच. "बाई," तो म्हणाला, "ती गाडी कुणाला देऊ नका. पुढच्या शनिवारी मी ट्रेलर घेऊन येतोय."

अर्डिसने फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडी अंगणाच्या तोंडाशी उभी होती, काचेवर पुठ्ठा: "विकायची आहे." तिच्या मागच्या दाराशी वाकून कुणीतरी काहीतरी करत होतं.

ते लोवेल ब्रेके होते. शेजारचे विधुर, रिटायर्ड शेतकरी. ऑगस्टमध्ये आमच्याकडे झुकिनी नावाच्या फळभाजीला असा बहर येतो की, रात्रीत काकडीएवढी असलेली सकाळी बाळाएवढी होते. खाऊन संपत नाही, फेकवत नाही, आणि देऊ केली तर घ्यायला कुणी तयार नसतं. त्यामुळे वर्षभर सताड उघड्या असणाऱ्या टोरविकच्या गाड्यांना ऑगस्टमध्ये कुलपं लागतात. उघडी गाडी दिसली की, लोक तिच्यात झुकिनी टाकून पळतात. अर्डिस मात्र ऑगस्टमध्येही कुलूप लावत नसे. ज्या बाईने साऱ्या गावाची पत्रं हाताळली तिने गावासमोर कुलूप लावायचं, हे तिला बरं दिसत नव्हतं.

"लोवेल, मी पाहतेय हं."

"मी काही करत नाहीये," हातात दोन झुकिन्या धरून लोवेल म्हणाले. "गाडी विकतेस म्हणे."

"विकत नाहीये. विकली जातेय."

"हं." त्यांनी काचेवरचा पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला. "वेगळंच आहे."

अर्डिसला आतून बरं वाटलं. पण ती म्हणाली, "डुएनला गॅरेज हवंय."

"मग काय. पोराला हवंय म्हटल्यावर." त्यांनी दोन्ही झुकिन्या गाडीत ठेवल्या आणि निघून गेले. पण तो आठवडाभर ते येतच राहिले. कधी पोत्यासकट, कधी हातगाडीसकट. गावातल्या बाकीच्यांनाही वास लागला. शुक्रवारपर्यंत बेलफोंट खिडक्यांपर्यंत हिरवी झाली.

शनिवारी पिकेट आला. माणूस चांगला होता हीच खरी पंचाईत. धिप्पाड, लाल तोंडाचा, मिशाळ. पायात टाचांचे बूट, डोक्यावर ही एवढी टोपी. गाडी बघताच त्याने टोपी काढली, चर्चमध्ये काढावी तशी. मागचं दार उघडलं. पंधरा-वीस झुकिन्या त्याच्या बुटांवर कोसळल्या.

"ह्या गाडीबरोबर येतात?" त्याने विचारलं.

"हव्या तितक्या," अर्डिस म्हणाली. "आधी कॉफी घेऊ."

डुएन आला होताच. तो कपाटाला टेकून उभा राहिला, हात खिशात, नजर जमिनीवर. पिकेटने झुकिनीचा केक खाल्ला, वाखाणला, मिशी पुसली आणि एक आकडा सांगितला. त्या आकड्यात टोरविकमध्ये लहानसं घर आलं असतं.

"छे, छे! इतके कशाला!" अर्डिस म्हणाली. ही रीतच होती. कुणीही हेच म्हणालं असतं.

पिकेटने भुवया वर केल्या आणि आकडा वाढवला.

"अहो, काहीतरीच! नको, नको," अर्डिस म्हणाली, आणि वाक्य संपता संपता तिने मनात मोजलं.

दोन झाले होते.

आता हा माणूस तिसऱ्यांदा विचारणार आणि तिला हो म्हणावं लागणार. दुसरा मार्गच नव्हता. समोरच्याने तिसऱ्यांदा हात पुढे करावा आणि आपण तो झिडकारावा, असं तिच्या आईने केलं नाही, तिच्या आजीने केलं नाही. पिकेटने कप खाली ठेवला. घसा खाकरला. तोंड उघडलं.

"केक!" अर्डिस ओरडली आणि तिने त्या उघड्या तोंडापुढे बशी धरली.

त्याने खाल्ला. पुन्हा तोंड उघडलं.

"कॉफी!"

तीही प्यायला. मग तिने मक्याची कणसं दाखवली, गुडघ्यांची कहाणी सांगितली, पोस्टमास्तर नावाच्या कोंबडीचा सबंध जीवनपट ऐकवला. बिचारा पिकेट दर खेपेला तोंड उघडायचा आणि मासा पाण्यात मिटतो तसं मिटायचा. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा अर्डिस उठली. "चक्कर मारून नाही का बघायची?"

पिकेट खुशीत जाऊन चाकामागे बसला. त्याने चाकावर हात फिरवला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात उजवीकडून अर्डिस आत शिरली, सवयीने तिने डावा हात लांब करून किल्ली फिरवली आणि डावा पाय लांब करून त्याच्या बुटावर दिला.

"पाय आत घ्या, मिस्टर पिकेट."

"आत? कुठे आत?"

"बाकाखाली. आर्नेचे मावायचे."

"आर्ने कोण?"

पण गाडी निघाली होती. पिकेटने दोन्ही हातांनी टोपी धरली. चाक त्याच्या पोटासमोर आपोआप फिरत होतं. समोरून धान्याचा ट्रक आला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि आपल्या आईला हाक मारली. ट्रकवाल्याने मात्र हात केला.

"हात करा," अर्डिस म्हणाली. "तुम्हाला करतायत."

पिकेटने एक डोळा उघडून हात केला.

पहिल्या टपालपेटीपाशी गाडी आपोआप थांबली. म्हणजे अर्डिसच्या पायाला थांबायची सवय होती. ती पेटीकडे पाहत राहिली. उतारावर मागच्या झुकिन्या घरंगळत पुढे आल्या होत्या आणि एक तिच्या घोट्याशी येऊन टेकली होती. जाड, वाकडी, देठाशी पिवळी. ही हॅन्सनच्या बागेतली. आणि पेटीही हॅन्सनचीच.

टपालपेटीत टपालाशिवाय दुसरं काही टाकणं हा गुन्हा आहे, हे अर्डिसने उभ्या आयुष्यात शेकडो लोकांना समजावलं होतं. हसून, पण स्वच्छ. आता तिने मागेपुढे पाहिलं, पेटी उघडली, झुकिनी आत सारली आणि आत टपाल आहे असं सांगणारा पेटीवरचा लाल झेंडा उभा केला.

"बाई," पिकेट कुजबुजला, "हे चालतं?"

"मुळीच नाही. पुढची द्या."

त्यानंतर पिकेटला डोळे मिटायला फुरसत मिळाली नाही. तो बाकावरून मागे वाकून झुकिन्या काढायचा, अर्डिस त्या पाहून ओळखायची, "ही सारखी, गुळगुळीत, म्हणजे पास्टरांच्या बायकोची," आणि ज्याची त्याला परत जायची. धुळीचा रस्ता, दोन्हीकडे डोक्याएवढा मका, आणि काचेच्या पट्टीतून आत येणारं ऊन. एका वळणावर पिकेट इतका हसला की, त्याची टोपी खिडकीबाहेर गेली, आणि ती आणायला अर्डिसने गाडी उलटी नेली तेव्हाही ती उजवीकडेच बसलेली होती.

मग गाडी घराकडे वळली. पिकेटचे पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर येत होते. तो ते मागे घ्यायचा, ते पुन्हा यायचे. अर्डिस रस्त्याकडे बघत होती. तिला त्या बुटांचा राग आला नव्हता. पण एवढी मोठी माणसाची आकृती तिथे बसली होती आणि तरी ती जागा रिकामी ती रिकामीच राहिली होती, याचं तिला नवल वाटत होतं. घर जवळ आलं. आता विचारेल, तिला वाटलं. आता तिसऱ्यांदा विचारेल.

अंगणात डुएन उभा होता. कुंपणाला टेकून लोवेलही उभे होते, सहज आल्यासारखे. पिकेट उतरला, पाय झटकले. टोपीवरची धूळ झाडली. गाडीच्या खोट्या लाकडावरून हात फिरवला. अर्डिसने डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात आपल्या तोंडाला बजावलं, हो म्हणायचं, हसून म्हणायचं.

"बरं तर, येतो मी," पिकेट म्हणाला.

अर्डिसने डोळे उघडले.

"आमच्याकडे बाईने एकदा नको म्हटलं की भाव वाढवतात," तो डुएनला सांगत होता. "दोनदा म्हटलं की टोपी घालून वाटेला लागतात. तुझी आई दोनदा म्हणाली. आणि बाई, माझे पाय काही त्या जागेत मावले नाहीत." त्याने टोपी घातली. "दोन-चार झुकिन्या मात्र नेतो."

त्याच्या रिकाम्या ट्रेलरवर लोवेलनी चपळाईने तीन पोती चढवून दिली. ट्रेलर वळणापलीकडे जाईपर्यंत सगळे हात करत राहिले.

मग अर्डिस म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही! कसली मेली रीत!"

"आई, तुला विकायची नव्हती?"

"तुला गॅरेज हवं होतं ना? बोटीसाठी?"

"बोट? ती मी जूनमध्येच विकली. तुझ्या सुनेला, शारीला, पाण्याची भीती वाटते."

"मग त्या ताडपत्रीखाली काय आहे?"

"सरपण." डुएनचे कान लाल झाले. "मला तर वाटलं, तुलाच ती नकोशी झालीय. मी... मी त्या मागच्या बाकावर लहानाचा मोठा झालो, आई. मला कशाला विकायची असेल?"

"मग बोलायचं नाही का तसं!"

"तू विचारलं नाहीस."

आई-मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. टोरविकमध्ये माणसं याच्यापुढे जाऊन मिठी वगैरे मारत नाहीत. डुएनने जाऊन काचेवरचा पुठ्ठा काढला आणि नीट घडी करून खिशात घातला, जसं काही तो पुन्हा लागणार होता.

"मला वाटलं होतं," कुंपणापलीकडून लोवेल म्हणाले, "भरलेली गाडी कोण कशाला नेईल."

अर्डिसने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या नखांत माती होती. आठवडाभर हा माणूस उन्हातून हातगाडी ओढत होता, आणि एकदाही म्हणाला नव्हता की विकू नकोस.

"लोवेल, अजून निम्म्या पेट्या राहिल्यात. येतोस बरोबर?"

"नको, तुझी कशाला अडचण."

"ये की."

"नको गं, माझे कपडेही मळलेत."

अर्डिस थांबली. तिने मुद्दाम थोडं जास्तच थांबून घेतलं. टेक्सासची रीत तिला अगदीच वाईट वाटेनाशी झाली होती. लोवेलचा चेहरा पडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "येतोस का रे?"

"बरं, निघालीच आहेस तर," लोवेल म्हणाले आणि झपझप येऊन त्यांनी पुढचं डावीकडचं दार धरलं.

"तिथे नाही. ती आर्नेची."

मग बेलफोंट टोरविकच्या रस्त्याने निघाली. चालकाची जागा रिकामी, उजव्या खिडकीतून एक हात बाहेर, आणि अगदी मागे, उलट्या तोंडाच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर झुकिन्या घेऊन बसलेले लोवेल ब्रेके. धूळ मागे पडत होती, मका मागे पडत होता. लोक गाडीकडे बघून हात करत होते, आणि लोवेल, त्यांच्यापासून दूर दूर जात, प्रत्येकाला हात करत होते.

"कसं वाटतंय?" अर्डिसने पुढून ओरडून विचारलं.

लोवेलनी मांडीवरच्या झुकिन्या सावरल्या. मग मागून उत्तर आलं.

"वाईट नाही."